तुझ्या मुलीची पट्टी कोणती?
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)

पहिल्या रांगेत बसलेले आमचे सगळे सर आणि बाई, आणि मागे कालच्यासारखाच गोंधळ घालणाऱ्या माझ्या वर्गमित्रांनो, मैत्रिणींनो,

संयोजकांनी फोन केला तेव्हा सांगितलं होतं, "तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, तेव्हा एआयवर बोल, नाहीतर मुलांच्या करिअरवर बोल." मी हो म्हणाले. पण त्याच आठवड्यात आपल्याच वर्गातल्या एका मैत्रिणीचा पिंप्राळ्याहून फोन आला. तिची मुलगी नऊ वर्षांची आहे, तिला गाणं शिकायचंय. मैत्रीण म्हणाली, "तू बारा-पंधरा ठिकाणी चौकशी करून ठेवतेस, तुला कळतं. गाण्याचा चांगला क्लास कसा ओळखायचा ते सांग." मी म्हटलं, विचार करून सांगते. मग विचार करता करता लक्षात आलं की या प्रश्नाचं उत्तर शोधायला मला स्वतःला पस्तीस वर्षं लागली आहेत, आणि मधे एक मोठी चूक करून बसले आहे. म्हणून आज एआयवर बोलत नाही. त्या फोनचं उत्तर इथेच देते. ती समोर बसली आहे.

गाण्याच्या बाबतीत आपण जळगावकर नशीबवान आहोत. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, लहानपणी शिकायला आपल्या गावात होते, आणि त्यांना गाण्याचे पहिले धडे मिळाले ते इथेच, मेहबूबखाँ यांच्याकडे. पुढे १९०५ मध्ये ते किर्लोस्कर नाटक मंडळीत गेले, तिथे भास्करबुवा बखल्यांची तालीम मिळाली, आणि नंतरचं सगळं महाराष्ट्राला ठाऊक आहे. आपल्या गावात बालगंधर्वांच्या नावाचं खुलं नाट्यगृह आहे, त्यांच्या नावाने दर वर्षी संगीत महोत्सव होतो. पण त्या पोराला समोर बसवून पहिला सा लावून घेणाऱ्या मेहबूबखाँच्या नावाची पाटी मी तरी गावात कुठे पाहिलेली नाही. घरी शिकवणाऱ्या मास्तरांचं हे असंच असतं. ते पाया घालतात आणि पाया जमिनीखालीच राहतो.

माझ्याही पायात अशाच एक बाई आहेत. तुमच्यातल्या चार-पाच जणी त्यांच्याकडे येत होत्या, त्यांना मी कोणाबद्दल बोलतेय ते कळलं असेल. नाव घेत नाही, कारण बाईंना ते आवडणार नाही. जुन्या गावात, बळीराम पेठेच्या बाजूला, वरच्या मजल्यावर दोन खोल्या. लाकडी जिना. एका खोलीत सतरंजी, हार्मोनियम, कोपऱ्यात निळ्या खोळीतला मिरजेचा तंबोरा. महिना पन्नास रुपये. मी पाचवीत होते.

पहिल्या दिवशी आईने मला पुढे केलं आणि म्हणाली, "हिला काहीच येत नाही हो." बाई म्हणाल्या, "काहीतरी येत असेलच. जे येतं ते म्हण." मला येत होतं ते एकच, आजी श्रावणात कानबाईच्या वेळी म्हणायची ते अहिराणी गाणं. मी ते म्हटलं. आई ओशाळली. तिला वाटलं होतं, मी निदान शाळेतली प्रार्थना तरी म्हणेन. बाई हसल्या नाहीत. त्यांनी हार्मोनियमवर एक-दोन पट्ट्या दाबून पाहिल्या, माझ्या गाण्याशी लावून पाहिल्या आणि वहीत लिहिलं: काळी चार. ती माझी पट्टी. ती वही माझ्याकडे अजून आहे.

तेव्हा मला त्यात विशेष काही वाटलं नाही. आज वाटतं. आपल्या असोद्याच्या बहिणाबाईंना लिहितावाचता येत नव्हतं. त्या घरात, शेतात, जात्यावर गात राहिल्या, आणि सोपानदेवांनी ते टिपून ठेवलं म्हणून १९५२ मध्ये, त्या गेल्यानंतर वर्षभराने, पुस्तक निघालं. खानदेशातल्या कुठल्याही घरात गाणं आधीपासून असतंच. जो मास्तर घरातल्या गाण्याला कचरा समजून पाटी कोरी करायला निघतो, तो मुलाला पहिल्याच दिवशी सांगतो की तुझ्याकडे आहे ते काही नाही. बाईंनी माझ्याकडे असलेल्या गाण्यातून माझी पट्टी काढली. तिथून सुरुवात केली.

पट्टीबद्दल थोडं सांगते, कारण आपल्यातल्या बऱ्याच जणांची मुलं शिकतायत. पट्टी म्हणजे तुमचा सा कुठे आहे ते. साधारणपणे पुरुष काळी एक-दोनच्या आसपास गातात, बायका काळी चार-पाचच्या आसपास. मुलामुलांत फरक असतो आणि वयाप्रमाणे तो बदलतो. आता घरगुती क्लासमध्ये काय होतं, गुरुजींची पट्टी काळी एक, समोर बसलेल्या आठ मुली, आणि सगळ्यांनी गुरुजींच्या पट्टीत गायचं. मुली तारसप्तकात गेल्या की मान वर, गळ्याच्या शिरा ताठ, आवाज चिरकतो. मग गुरुजी म्हणतात, हिचा सूर लागत नाही. सूर कसा लागणार? पायात दुसऱ्याची चप्पल घालून पळायला लावलंय.

मुलांचं तर त्याहून कठीण. आपल्या वर्गात गॅदरिंगला हमखास गाणारा एक जण होता. नाव घेत नाही, तो हसतोय त्यावरून कळेलच. आठवीत त्याचा आवाज फुटला आणि त्याला वाटलं, संपलं आपलं. तो तेव्हा बाईंकडे यायचा. बाई त्याला म्हणाल्या, "आवाज फुटतोय, फाटत नाहीये. वर्षभर खालच्या पट्टीत, हळू गा. जोर लावू नकोस. तोवर तबला शीक." त्याने तबला शिकला. आज तो भजनी मंडळात दोन्ही करतो. त्या वेळी कोणी त्याला ओरडून गायला लावलं असतं तर कदाचित तो पुन्हा गायलाच नसता.

बाईंच्या शिकवण्यातली दुसरी गोष्ट. त्या कमी गायच्या आणि जास्त ऐकायच्या. आम्ही पाच जणी असलो तरी प्रत्येकीला रोज एकटीने म्हणावं लागायचं. भूपाळी शिकत होतो तेव्हाची गोष्ट. भूपाळीत मध्यम आणि निषाद नाहीत, पाचच सूर. मी वरच्या सा ला गेले की दर वेळी किंचित खाली राहायचे. बाकीच्या मुली मला हसायच्या. बाई डोळे मिटून ऐकत होत्या. चौथ्यांदा त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाल्या, "धैवतावर श्वास संपतोय तुझा. पंचमावरच घे." मी पंचमावर श्वास घेतला. सा लागला.

आज माझं काम इतरांचा कोड तपासण्याचं आहे. त्यात नवीन मुलं येतात, चूक दिसली की लिहितात, "हे चालत नाही." ते तर संगणकही सांगतो. चूक वरच्या ओळीत दिसते आणि कारण बरंच आधी कुठेतरी असतं. ते आधीचं ठिकाण दाखवणारा माणूस लागतो. माझी चूक सा वर ऐकू येत होती, कारण पंचमापाशी होतं. हे मी पहिल्यांदा इंजिनिअरिंग कॉलेजात शिकले नाही, बळीराम पेठेत शिकले.

तिसरी गोष्ट तंबोऱ्याची. आपल्याकडे घरगुती क्लास म्हणजे पेटी. पेटीवर बोट ठेवलं की सूर तयार मिळतो, मुलं पेटीच्या आवाजामागे लपतात. बाई सरगम सांगताना पेटी वाजवायच्या, पण आम्ही गायला लागलो की हात काढून घ्यायच्या. मग फक्त तंबोरा. एकदा पावसाळ्यात संध्याकाळी लाईट गेली होती. बाईंनी तंबोरा लावला, जवारीचा दोरा सरकवला आणि म्हणाल्या, "गाऊ नका कोणी. खर्जाची तार ऐका. तिच्यात गांधार येतो का बघा." आम्हाला वाटलं, बाई चेष्टा करतायत. तंबोऱ्याला तारा चार, एक पंचमाची, दोन जोडीच्या, एक खर्जाची. गांधाराची तारच नाही. पण अंधारात बसून ऐकत राहिलो आणि दहा-पंधरा मिनिटांनी एकीने हळूच म्हटलं, "आला." मग मलाही आला. तो सूर कोणी वाजवत नव्हतं. अंगावर काटा आला होता.

पुढे इंजिनिअरिंगला फिजिक्समध्ये त्याचं कारण कळलं. तार एकाच वेळी पूर्ण लांबीने हलते, तशीच दोन, तीन, चार, पाच भागांनीही हलते. पाचव्या भागातून येतो तो गांधार. त्याचं सा शी असलेलं गुणोत्तर पाचास चार, म्हणजे १.२५. पेटीचे बारा सूर सारख्या अंतरावर बसवलेले असतात, म्हणून पेटीचा गांधार येतो १.२६ च्या जवळ. फरक शंभरात एकाहूनही कमी. पण कानाला कळतो. याच सगळ्या वादातून आकाशवाणीने १९४० पासून तीन दशकं पेटीला बंदी घातली होती. मी पेटीच्या विरोधात नाही, आमच्या बाईंकडेही पेटी होतीच. माझं म्हणणं एवढंच की चांगला शिक्षक मुलाला आधाराशिवाय उभं राहायला लावतो, आणि त्या वेळी स्वतः जवळ बसून राहतो. आता मोबाईलवर तंबोऱ्याचं ॲप मिळतं. तेही चालेल. लावा आणि मुलाला ऐकत बसू द्या.

आता परीक्षांबद्दल. आईवडिलांचा पहिला प्रश्न हाच असतो, "परीक्षा देता का?" गांधर्वच्या परीक्षा आपल्याला माहीत आहेत. प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा, विशारद, अलंकार. या परीक्षांना नावं ठेवण्याची हल्ली फॅशन आहे. मी ठेवणार नाही. त्यांच्या आधी काय होतं ते पाहा. इचलकरंजीचे बाळकृष्णबुवा गाण्यासाठी घर सोडून गावोगाव फिरले, धारला, ग्वाल्हेरला, गुरूच्या घरी पडेल ते काम करून शिकले. त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुसकर. लहानपणी दारूकाम उडवताना डोळ्यांना इजा झाली, शाळा सुटली, आणि मिरजेला गाणं शिकले. त्यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. फी भरा, ठरलेल्या वेळेला या, ठरलेला अभ्यासक्रम शिका. गुरूच्या घरी पाणी भरायची गरज नाही. त्यांच्या पश्चात, १९३१ साली, त्यांच्या शिष्यांनी मंडळ काढलं आणि परीक्षा गावोगावी पोचल्या. त्यामुळेच जळगावातल्या कारकुनाच्या मुलीला शाळा सुटल्यावर दप्तर टाकून गाण्याला जाता आलं. आपल्यातल्या कितीतरी जणींवर हे उपकार आहेत.

पण परीक्षा हा जिना आहे, जिना चढताना पायरीवर पाय नीट पडला पाहिजे. माझ्या प्रारंभिकच्या वेळी बाईंनी चौघींचे फॉर्म भरले आणि माझा भरला नाही. आईला म्हणाल्या, "हिला पाठ आहे सगळं, पण लय अजून घाईची आहे. सहा महिने थांबू." आई घरी येऊन चिडली. शेजारची मुलगी, माझ्यानंतर लागलेली, परीक्षा देणार आणि मी नाही! वडील म्हणाले, क्लास बदलू. मी रडले. फॉर्म भरला असता तर मी पास झाले असते, बाईंनाही ते माहीत होतं. एक विद्यार्थिनी तुटण्याची भीती असतानाही त्या "अजून नाही" म्हणाल्या. महिना पन्नास रुपयांवर घर चालवणाऱ्या माणसाने असं म्हणायला काय लागतं, ते आज मी पगार घेते तेव्हा कळतं.

त्या सहा महिन्यांत जे झालं त्यासाठी मी बाईंची सगळ्यात जास्त ऋणी आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी धुळ्याला मामाकडे जाणार होते. बाईंनी एक चिठ्ठी दिली आणि म्हणाल्या, "धुळ्याला तबल्याचे एक मास्तर आहेत, त्यांच्याकडे महिनाभर जा. तालात मी स्वतः थोडी कच्ची आहे. माझ्याकडेच राहिलीस तर तूही कच्ची राहशील." अकरा वर्षांच्या मुलीसमोर त्या हे म्हणाल्या. मी अनेक मोठमोठ्या पदांवरची माणसं पाहिली, इतक्या सहज असं म्हणणारी थोडी पाहिली.

धुळ्याचे मास्तर पांझरेच्या बाजूला राहायचे. वय झालेलं, अंगात बंडी, तोंडात अस्सल अहिराणी. त्यांनी महिनाभर मला एकही गाणं म्हणू दिलं नाही. अंगणात तीनतालात चालायला लावलं. सोळा पावलं. पहिल्या, पाचव्या, तेराव्या पावलाला टाळी, नवव्याला हात मोकळा. मी समेच्या आधीच धावत सुटायचे. मास्तर ओट्यावरून म्हणायचे, "पोर, घाई कसाले? सम कोठे पळी नही जास." दुपारी चार वाजताचं मे महिन्यातलं धुळ्याचं ऊन, आणि मी अंगणात मोजत फिरतेय. मामी म्हणायची, हे गाण्याचं शिक्षण की एनसीसी? पण जूनमध्ये जळगावला परत आले आणि बाईंनी ठेका धरला, तेव्हा मला पहिल्यांदा सम येताना दिसली. खरंच कुठे पळून जात नव्हती. हिवाळ्यात परीक्षा दिली.

पुढे वाचनात आलं की मोठी माणसंही हेच करत होती. मोगूबाई कुर्डीकर म्हणजे अल्लादियाखाँची तालीम मिळालेल्या केवढ्या मोठ्या गायिका! पण आपल्या मुलीला, किशोरीताईंना, त्यांनी भेंडीबाजार घराण्याच्या अंजनीबाई मालपेकरांकडेही शिकायला पाठवलं. भास्करबुवा बखले स्वतः तर फैजमहंमदखाँ, नत्थनखाँ, अल्लादियाखाँ अशा वेगवेगळ्या उस्तादांकडे शिकलेले. आपला विद्यार्थी दुसऱ्याकडे गेला तर आपलं काही कमी होत नाही, हे ज्याला वाटतं तो शिक्षक निर्धास्तपणे निवडावा.

आता माझ्या चुकीबद्दल. चुका दोन आहेत.

पहिली, दहावीनंतरची. तुम्हाला आठवत असेल, १९९६ चा जून. निकाल लागला, अकरावी सायन्स, फिजिक्स-मॅथ्सच्या ट्यूशन, पहाटे साडेपाचला सायकल. संध्याकाळची वेळ केमिस्ट्रीने घेतली. मी बाईंकडे जाणं बंद केलं. बंद करतेय असं सांगितलंही नाही. सहा वर्षं ज्यांच्या समोर बसले त्यांना जिना चढून एवढं सांगायला मला लाज वाटली. जूनचे पन्नास रुपयेही द्यायचे राहिले. पुढे त्या गल्लीतून जायचं टाळायचे. मग इंजिनिअरिंग, नोकरी, पुणे, लग्न. संपलं.

दुसरी चूक मुलीच्या बाबतीत. ती आठ वर्षांची असताना पुण्यात तिला एका क्लासला घातलं. तो निवडताना मी काय विचारलं माहीत आहे? घरापासून किती लांब, पार्किंग आहे का, शनिवारची बॅच आहे का, स्टेजवर चान्स मिळतो का. ज्या बाईने मला तंबोऱ्यातला गांधार ऐकवला, तिची विद्यार्थिनी असून मी एकदाही विचारलं नाही की शिकवणार कसं. तीस मुलं, कराओके ट्रॅक, वर्षाला दोन कार्यक्रम. ट्रॅकची पट्टी मूळ गायिकेची, ती सगळ्यांना सारखीच. माझी मुलगी वरच्या जागेला चिरकायची. दुसऱ्या वर्षी कार्यक्रमाच्या तालमीत तिला सगळ्यांसमोर सांगण्यात आलं, "तू मागच्या रांगेत उभी राहा आणि नुसते ओठ हलव." मला हे तिने त्या दिवशी सांगितलं नाही. मी समोर बसून मोबाईलवर व्हिडिओ काढत होते आणि माझी मुलगी ओठ हलवत होती. मला कळलंही नाही.

त्यानंतर ती गायची थांबली. क्लास सोडला एवढंच नाही, आंघोळ करताना गुणगुणायची तेही थांबलं. शाळेत राष्ट्रगीतालाही ओठच हलवते, असं तिच्या शिक्षिकेने सांगितलं तेव्हा मी तिला जवळ घेऊन विचारलं. मग सगळं बाहेर आलं.

त्या दिवाळीला मी तिला घेऊन धुळ्याला गेले. बाई आता त्यांच्या लेकीकडे धुळ्याला असतात. ऐंशीच्या पुढच्या आहेत, पेटीवर बोटं पूर्वीसारखी चालत नाहीत, कान मात्र तसेच. मी नमस्कार केला, नाव सांगितलं. त्या क्षणभर बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "काळी चार." नंतर नाव आठवलं. मी मुलीची सगळी हकीकत सांगितली. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "तुझ्या मुलीची पट्टी कोणती?"

मला माहीत नव्हतं. दोन वर्षं फी भरली, ड्रेस शिवले, व्हिडिओ काढले, आणि मला माहीत नव्हतं.

बाईंनी मुलीला गायला सांगितलंच नाही. तिला म्हणाल्या, "आत माझी लेक आहे, तिला हाक मार, चहा टाक म्हणावं." मुलीने हाक मारली. "अजून एकदा, ऐकू गेलं नाही तिला." पुन्हा हाक. बाई पेटीवर एकेक पट्टी दाबत होत्या. "पांढरी चार," त्या म्हणाल्या. "आणि तिला गायला लावलं दोन-अडीच सूर वर. पोरगी बेसूर नाहीये गं. तिला उंच फळीवरचा डबा काढायला सांगितला आणि हात पोचला नाही म्हणून मारलं." मग पांढरी चारचा सा धरून ठेवला आणि चहा येईपर्यंत काहीच बोलल्या नाहीत. चहा यायच्या आधी मुलीने हळूच तो सा लावला. तोंड दुसरीकडे करून. मी खिडकीतून बाहेर बघत राहिले.

तर मैत्रिणी, आता तुझ्या फोनचं उत्तर. मी पुण्याला परत जाऊन दुसरा शिक्षक शोधला तेव्हा जे केलं तेच तुला सांगते.

पहिलं, पैसे भरण्याआधी एक पूर्ण तास कोपऱ्यात बसून बघ. नुसतं बघू देत नसतील, दार लावून घेत असतील, तर तिथूनच परत फिर. आईवडिलांना कधीही येऊन बसता आलं पाहिजे, यात संकोच करू नकोस. बसल्यावर बघ, तासभरात कोण जास्त गातंय, शिक्षक की मुलं. मुलं एकेकटी गातात का. चूक झाली की शिक्षक काय म्हणतात, नुसतं "चुकलं" म्हणतात की कुठे आणि का ते सांगतात. आणि चुकलेल्या मुलाचा चेहरा बघ. तो पुन्हा म्हणायला तयार आहे की खाली मान घालून बसलाय.

दुसरं, विचार की माझ्या मुलीची पट्टी तुम्ही कशी ठरवाल. या प्रश्नावर जो शिक्षक खूश होतो, तो बहुतेक चांगला निघतो.

तिसरं, विचार की घरी रोज काय करायचं. "रियाज करा" हे उत्तर नाही. पंधरा मिनिटं, त्यातली पाच नुसता सा, पाच हा अलंकार या लयीत, पाच हा राग, असं सांगणारा हवा.

चौथं, विचार की तुम्ही स्वतः सध्या काय शिकताय. मुलीच्या आताच्या शिक्षिका म्हणाल्या, "मी महिन्यातून दोनदा अजून माझ्या गुरुजींकडे जाते, गेल्या वेळी बोलणी खाल्ली." मी त्याच दिवशी फी भरली.

आणि आपलंही काम आहे. फी वेळेवर द्यायची. डॉक्टर, वकील, ट्यूशनवाले यांच्याशी घासाघीस न करणारे आपण गाण्याच्या बाईंना "थोडं कमी करा ना" म्हणतो. बाईंकडे एक मुलगी यायची, तिचे वडील डाळ मिलमध्ये हमाली करायचे, काही महिने फी यायची नाही. बाईंनी कधी मागितली नाही. तिला म्हणाल्या, "तू लहान मुलींचे अलंकार घेत जा, तेवढी माझी मदत." ती आज एका शाळेत संगीत शिक्षिका आहे. पण अशी सवलत बाईंनी द्यायची असते, कार घेऊन येणाऱ्या आपण मागायची नसते.

मुलगी आता चौदा वर्षांची आहे. फार मोठी गायिका वगैरे होणार नाही, आणि त्याची कोणाला घाईही नाही. पण सकाळी डबा भरताना स्वयंपाकघरात माझ्या मागून भूपाळी ऐकू येते. धैवतावर श्वास संपतो. मी काही बोलत नाही, ते तिच्या बाई बघतील.

एक राहिलं. धुळ्याला निघताना मी बाईंपुढे पाकीट ठेवलं. म्हटलं, जूनची फी राहिली होती. त्यांनी पाकीट उघडलं, आतल्या नोटा बघितल्या, त्यातली पन्नासची एक काढून घेतली आणि बाकीचं परत माझ्या हातात दिलं. म्हणाल्या, "सोडताना सांगून जायचं असतं गं."

समोर आमचे सर आणि बाई बसले आहेत. आमच्यातले बरेच जण तुमच्याही वर्गातून असेच न सांगता निघून गेलो. आज ते सांगायला आलो आहोत.